लिपी अडली की भाषा? एमपी४ आणि एच.२६४ मधला घोळ

गेल्या लग्नसराईत नंदगडच्या मावशीच्या मोबाइलवर मी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ घालून दिला. स्टुडिओवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेली फाइल, नावाच्या शेवटी एमपी४. माझ्या लॅपटॉपवर छान चालली. मावशीच्या मोबाइलवर सनई वाजली, मंगलाष्टकं ऐकू आली, पडदा मात्र काळाच. "आवाज येतोय की रे, माणसं कुठं गेली?"

त्याच आठवड्यात शहापूरच्या दाजींचा फोन. त्यांच्याकडची भजनाची एमकेव्ही फाइल आयट्यून्समधून आयफोनवर जाईचना. ही फाइल या आयफोनवर चालत नाही, म्हणून कॉपी केली नाही, असा निरोप यायचा. दोघांनीही मला एकच तक्रार ऐकवली, "फॉरमॅट सपोर्ट करत नाही." आजार मात्र दोन होते.

घोळ आहे तो 'फॉरमॅट' या शब्दात. त्या एका शब्दाखाली आपण दोन गोष्टी कोंबतो. एक कंटेनर, म्हणजे चित्र, आवाज, सबटायटल हे सगळं एकत्र बांधायची पद्धत. एव्हीआय (१९९२), एमकेव्ही (२००२), एमओव्ही, एमपी४ ही झाली कंटेनरची नावं, आणि फाइलच्या शेवटी दिसतात ती हीच. दुसरा कोडेक, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून लहान करायची रीत. चित्रासाठी एच.२६४ (२००३), एच.२६५ ऊर्फ एचईव्हीसी (२०१३), एव्ही१ (२०१८); आवाजासाठी एएसी, एसी३ वगैरे. कोडेक फाइलच्या नावात दिसत नाही. सगळी फसगत तिथेच होते.

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. माझा पुतण्या कानडी माध्यमात शिकतो. वाण्याकडची यादी लिहितो तेव्हा शब्द मराठी आणि अक्षरं कानडी. शेंगदाणे, गूळ, पोहे, सगळं कानडी लिपीत. ती यादी मावशीच्या हातात दिली तर ती परत करणार, "मला कानडी येत नाही." खरं तर यादीत कानडी शब्द एकही नाही. कुणी मोठ्यानं वाचली की तिला सगळं कळतं. इथे अडते ती लिपी. आता उलटं बघा. कॅम्पातल्या हॉटेलात काम करणाऱ्या नेपाळी पोरानं घरून आलेला मेसेज दाखवला, तर देवनागरीच असल्यामुळे आपण तो घडाघडा वाचतो, पण अर्थ लागत नाही. इथे अडते ती भाषा.

कंटेनर म्हणजे लिपी, कोडेक म्हणजे भाषा. दाजींच्या फाइलमध्ये आतलं चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी होता. आयफोनला या दोन्ही भाषा पहिल्यापासून येतात, पण एमकेव्ही ही लिपी त्याच्या स्वतःच्या प्लेअरला वाचता येत नाही. मावशीच्या मोबाइलला एमपी४ वाचता आलं, आतला एएसी आवाज कळला, चित्र मात्र एच.२६५ मध्ये होतं आणि त्या जुन्या मोबाइलच्या चिपला ते उलगडता येत नव्हतं. म्हणून सनई होती, नवरा-नवरी नव्हते. (उपमा इथे थोडी ताणली जाते, कारण एकाच फाइलमध्ये चित्राची भाषा एक आणि आवाजाची दुसरी असते. पण दुखणं नेमकं कळतं ते त्यामुळेच.)

मग आधी निदान करायचं. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून 'टूल्स'मधल्या 'कोडेक इन्फर्मेशन'वर जा. चित्र आणि आवाज कोणत्या कोडेकमध्ये आहेत ते तिथे दिसतं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच जास्त तपशिलात सांगतं.

लिपी अडली असेल तर फक्त लिप्यंतर करायचं. याला रीमक्स म्हणतात. लॉसलेसकट किंवा एफएफएमपेग ही सॉफ्टवेअरं एमकेव्हीतलं चित्र-आवाज जसंच्या तसं उचलून एमपी४ मध्ये बांधतात. दर्जा तसूभरही घटत नाही. दाजींची दीड जीबीची फाइल मिनिटभरात झाली, ते चहा ठेवायला उठले होते तेवढ्यात.

भाषा अडली तर भाषांतर, म्हणजे ट्रान्सकोड. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, घेतला की एच.२६४ चित्राची एमपी४ फाइल निघते. जुन्या मोबाइलला ७२०पी, म्हणजे त्याहून लहान चित्र, पुरे. भाषांतरात काहीतरी गळतंच, इथेही दर्जा थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल पुसायची नाही. आणि वेळ लागतो. मावशीच्या व्हिडिओला माझ्या जुन्या लॅपटॉपवर पावणेदोन तास लागले, मधे एकदा लाइट गेली आणि बॅटरीनं लाज राखली. चित्र दिसतंय पण आवाजच नाही, असं झालं तर बऱ्याचदा आवाज एसी३ किंवा डीटीएसमध्ये असतो. तेव्हा चित्राला हात न लावता नुसता आवाज एएसीत बदलला तरी भागतं.

नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ करणारे मात्र मला भेटतच असतात. निपाणीच्या गाडीला खानापूरचा बोर्ड लावला तरी ती निपाणीलाच जाणार की!

काहीच बदलायचं नसेल तर मोबाइलवर व्हीएलसी टाकून बघा. ते बहुतेक लिप्या आणि भाषा स्वतःच वाचतं. पण चिप मदत करत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. मावशीच्या मोबाइलवर चित्र दिसलं खरं, पण अडखळत, आणि मोबाइल तव्यासारखा तापला. म्हणून शेवटी ट्रान्सकोडच केलं.

स्वतः शूटिंग करणाऱ्या आयफोनवाल्यांना एक सांगतो. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन, सेटिंग बदललं नाही तर, एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की साधं शूटिंग एच.२६४ मध्ये होतं. जागा जास्त जाते, पण नंदगडला फोन करून "काय दिसतंय?" विचारावं लागत नाही.

आणि फाइल पेनड्राइव्हवर जातच नसेल, तर ते दुखणं तिसरंच. इथे 'फॉरमॅट' म्हणजे पेनड्राइव्हची आतली मांडणी; एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग ती कुठल्याही लिपीत असो. तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करा, पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.