कमी धक्क्याची काडतुसं (शॉटगन, घराच्या राखणीसाठी)

शॉटगनच्या काडतुसात छर्रे तेच ठेवून फक्त त्यांचा वेग थोडा उतरवला, कधी एखादा छर्रा कमी केला, की खांद्याला बसणारा दणका बराच कमी होतो, अशा काडतुसांना अमेरिकेत 'रिड्यूस्ड रिकॉइल' किंवा 'लो रिकॉइल' म्हणतात. १९९० च्या दशकात ती तिकडच्या पोलिसांत रुळली आणि मग घरात राखणीला शॉटगन ठेवणाऱ्या सामान्य लोकांकडे आली. नावामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही कमजोर माणसांसाठीची कमजोर गोळी असणार, पण तसं अजिबात नाहीये.

हे कळायला धक्का येतो कुठून ते बघावं लागतं. शॉटगनच्या नळीचं माप बोरमध्ये सांगतात, बारा बोर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड, व्यास साधारण १८.५ मिमी. घरासाठी सगळ्यात जास्त वापरतात तो 'डबल-ऑट' बकशॉट, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, त्याचा एक छर्रा ८.४ मिमीचा आणि साधारण ३.५ ग्रॅमचा (आपल्याकडे ज्याला एसजी म्हणतात जवळपास त्याच मापाचा), आणि पावणेतीन इंची काडतुसात असे ९ छर्रे म्हणजे ३१ ग्रॅमच्या वर शिसं. नेहमीच्या काडतुसात ते सेकंदाला १३२५ फुटांनी, म्हणजे ४०४ मीटरने सुटतं, कमी धक्क्याच्या बऱ्याच काडतुसांत ११४५ फुटांनी. वेग १४ टक्क्यांनीच घटला, पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते म्हणून ती साधारण पाव हिश्शाने उतरते. सव्वातीन किलोच्या बंदुकीत हिशोब मांडला तर ३५ ज्यूलच्या आसपासचा दणका २५ वर येतो. ८ छर्ऱ्यांचं घेतलं तर अजून खाली.

आकडा कागदावर बारीक वाटतो, पण घरातल्या ठिकठाक उंचीच्या बाईने किंवा साठीतल्या माणसाने पहिला बार काढला की नळी वर उडते, गाल दस्त्यावरून सुटतो आणि दुसऱ्या बाराला डोळे आधीच मिटतात, तिथे त्या १० ज्यूलचा फरक स्पष्ट दिसतो. एकदा चापाची भीती बसली की ती काढायला महिने जातात. २०१३ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन यांनी लोकांना सांगितलं होतं की एआर-१५ रायफलपेक्षा डबल बॅरल शॉटगन घ्या, ती वापरायला सोपी, बाल्कनीत जाऊन दोन बार काढा. पण एआर-१५ चा धक्का ५-६ ज्यूलच्या घरात असतो, पूर्ण ताकदीच्या बारा बोरचा त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे नवख्याला शॉटगन 'सोपी' हे खरं नाही, आणि हवेत बार काढणं तर अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी गुन्हाच आहे.

बंदूक कुठली यावरही बरंच ठरतं. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० सारख्या पंप बंदुका हाताने मागेपुढे करून चालतात, त्यांना काडतूस सौम्य असलं तरी काही फरक पडत नाही. ऑटोलोडर मात्र काडतुसाच्याच जोरावर पुढचा राउंड भरतात. दारूच्या गॅसवर चालणाऱ्या बंदुका धक्का पसरवून हळू करतात म्हणून खांद्याला बऱ्या, पण काही बंदुका, विशेषतः इनर्शियावर, म्हणजे बंदुकीला मागे बसणाऱ्या धक्क्यावरच चालणाऱ्या, सौम्य काडतुसावर अडकतात, रिकामं काडतूस नीट बाहेरच पडत नाही. म्हणून आपल्या बंदुकीत तेच काडतूस निदान दोन-तीन डबे न अडकता चाललं तरच ते घरात ठेवायचं, माझ्या मते याला पर्याय नाही. पावणेदोन इंची 'मिनीशेल'चंही तसंच, आगिला या काडतूस कंपनीने ती काढली, धक्का खरोखर कमी आणि नळीखालच्या मॅगझीनमध्ये जास्त मावतात, पण पावणेतीन इंचासाठी बनलेल्या बऱ्याच पंप बंदुकांत ती आडवी होऊन अडकतात. मॉसबर्गने ५९०एस काढली ती मुद्दाम छोटी-मोठी सगळी चालावीत म्हणून. वीस बोर, म्हणजे बारापेक्षा बारीक नळी, हाही एक रस्ता आहे, छर्रे कमी म्हणून धक्का कमी, पण वीस बोरच्या बंदुका वजनालाच हलक्या असतात आणि हलकी बंदूक जास्त मारते, त्यामुळे दुकानात उचलून हलकी वाटली म्हणून घेतली आणि खांदा तेवढाच दुखला असं होऊ शकतं.

धक्का नको म्हणून लोक सगळ्यात आधी बर्डशॉटकडे, म्हणजे पक्ष्यांच्या बारीक छर्ऱ्यांकडे वळतात. साडेसात नंबरचा छर्रा २.४ मिमीचा. १९८६ ला मायामीत एफबीआयच्या एजंटांची चकमक झाली, त्यानंतर एफबीआयने गोळी शरीराच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनमध्ये निदान १२ इंच, म्हणजे ३० सेंमी जायला हवी अशी कसोटी ठरवली, आणि हे बारीक छर्रे त्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून राखणीसाठी ते भरवशाचे धरत नाहीत.

पण बर्डशॉटचा एक उपयोग फार मोलाचा आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. बर्डशॉटच्या टार्गेट, म्हणजे नेमबाजीच्या, काडतुसाच्या डब्याचा वरचा पट्टा जवळून बघा, तिथे काडतुसाची लांबी, 'ड्रॅम इक्विव्हॅलंट', छर्ऱ्यांचं एकूण वजन आणि छर्ऱ्याचा नंबर ओळीने छापलेले असतात. ड्रॅम हे काळ्या दारूच्या जमान्यातलं माप, आता नवी दारू तेवढ्या वजनाची नसते, फक्त तेवढ्या काळ्या दारूने जो वेग मिळाला असता तो मिळतो एवढाच अर्थ. पावणेतीन ड्रॅम आणि साधारण ३२ ग्रॅम छर्रे असं लिहिलेलं असलं की वेग ११४५ फूट. म्हणजे वजन जवळपास तेच, वेग तोच, त्यामुळे धक्काही ९ छर्ऱ्यांच्या कमी धक्क्याच्या बकशॉटएवढाच, आणि किंमत बकशॉटच्या तुलनेत फारच कमी! सराव याच्यावर करायचा, बकशॉट थोडं तपासणीपुरतं उडवायचं.

ती तपासणी म्हणजे कागदावर मारून बघणं. शॉटगनला नेम धरावा लागत नाही हा गैरसमज आहे, साध्या बकशॉटचा फुलोरा ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच पसरतो, म्हणजे खोलीच्या ७ यार्डांवर १८ सेंमीच्या आसपास, नेम चुकला तर तेवढाही कामाचा नाही. फेडरल कंपनीच्या 'फ्लाइटकंट्रोल' काडतुसात छर्रे धरणारी प्लास्टिकची वाटी, म्हणजे वॅड, समोरून फुलासारखी न उघडता मागून ब्रेक लागल्यासारखी हळू मागे पडते, तेवढ्याच अंतरावर छर्रे मुठीएवढ्या जागेत बसतात. ९ छर्ऱ्यांच्या काडतुसात बऱ्याचदा एक छर्रा घोळक्यातून सुटून लांब जाऊन बसतो, कागदावर आठ भोकं एकत्र आणि एक वेगळंच. घरात माणसं असताना तो एकटा छर्रा कुठे जाईल ही काळजी खरी आहे, म्हणून मला ८ छर्ऱ्यांची काडतुसं जास्त पटतात. प्रत्येक नळी वेगळी मारते, दुसऱ्याच्या बंदुकीचा कागद आपल्याला उपयोगी नाही.

आणि एक, धक्का कमी म्हणजे भिंतीला धोका कमी असं नसतं. अमेरिकन घरातल्या आतल्या भिंती अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या, कमी वेगाचा बकशॉटसुद्धा अशा भिंतींतून आरपार पलीकडच्या खोलीत जातो, मुलं कुठे झोपतात ते आधी बघूनच उभं कुठे राहायचं ते ठरवायचं. आवाजही कमी होत नाही, बंद खोलीत तो कानाला कायमची इजा करू शकतो. बंदूक आणि काडतुसं कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, हे तर कुठल्याही काडतुसाच्या आधी.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी एक नियम नीट लक्षात ठेवावा. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक तर नाहीच, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही, मोजके अपवाद आहेत, जसं की शिकारीचं वैध लायसन्स. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे, न्यू जर्सीत लांब बंदूक घ्यायलाही आधी ओळखपत्र काढावं लागतं. भारतात बारा बोरची बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावर मिळते, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं शेतराखणीच्या बंदूकवाल्यांच्या ओळखीची आहेत, आणि किती काडतुसं घेता येतील तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. त्यामुळे इकडे डबेच्या डबे उडवून बंदूक आणि काडतुसाची जोडी जमवणं कठीण, तिथे हातातली बंदूक वजनदार असणं आणि दस्त्याच्या मागे जाड रबरी पॅड असणं हाच धक्का कमी करायचा खरा उपाय.