फाइलमध्ये लिहिलं, पण सर्व्हरला लागू झालं का?

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल हा निर्यातीचा हंगाम. पेटीवर लेबल चिकटलं की पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद पडते, त्यामुळे ‘सर्व्हर पाच मिनिटं बंद ठेवू’ म्हटलं की कुणी तयार नसतं. मग कॉन्फिग फाइलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) बदल करून ठेवतात आणि रीस्टार्ट पुढे ढकलतात. धोका रीस्टार्टपेक्षा या ढकलण्यात जास्त. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जाते, यूपीएस मान टाकतो, वीज आल्यावर सर्व्हर उठू पाहतो आणि फेब्रुवारीत लिहिलेली चुकीची ओळ त्याला उठू देत नाही. तोवर ती कुणी लिहिली हेही आठवत नसतं.

पोस्टग्रेसमध्ये बऱ्याच सेटिंग्जना नुसता रिलोड, म्हणजे सर्व्हर चालू असतानाच फाइल पुन्हा वाचायला लावणं, पुरतो. शेअर्ड_बफर्स (डेटाची पानं ठेवायची मेमरी), मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन), वॉल_लेव्हल (बदलांच्या नोंदवहीत किती तपशील), पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) यांना मात्र रीस्टार्टच लागतो. पहिल्या दोघांचं कारण मेमरीत आहे. सर्व्हर सुरू होतानाच सामायिक मेमरीचा एक तुकडा मागून घेतो. पुढे प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस जन्मते आणि सगळ्या त्याच तुकड्यावर काम करतात. लॉकचे तक्ते, प्रोसेसची यादी, डेटाची पानं, सगळ्यांच्या जागा तिथे आधीच आखलेल्या असतात. व्यापारी आत बसलेले असताना बाजार समितीतले गाळे रुंद करता येत नाहीत, तसंच हे.

१६ जीबी रॅमच्या, फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशिनवर शेअर्ड_बफर्स ४ जीबीपासून, म्हणजे पाव हिश्शापासून, सुरू करणं रास्त. मूळ सेटिंग १२८ एमबीच असते. इथे एकक विसरू नका. नुसतं ४०९६ लिहिलं तर सर्व्हर ती ८ केबीची पानं समजतो आणि तुम्हाला मिळतात ३२ एमबी. एरर येत नाही, फक्त सगळं मंदावतं. उलट जीबी छोट्या लिपीत लिहिलं तर ते मूल्य सर्व्हर नाकारतो. अशी चूक रिलोडच्या वेळी सापडली तर तो जुन्या मूल्यावर चालत राहतो आणि लॉगमध्ये तक्रार करतो. सुरू होताना सापडली तर सुरूच होत नाही.

म्हणून बदल केल्यावर आधी रिलोड करा. मग पीजी_सेटिंग्ज या डेटाबेसमधल्याच तक्त्यात पेंडिंग_रीस्टार्ट हा रकाना बघा: कुठल्या सेटिंग्ज रीस्टार्टची वाट बघताहेत ते तिथे कळतं. पीजी_फाइल_सेटिंग्ज या दुसऱ्या तक्त्यात फाइलमधल्या चुका ओळ क्रमांकासह दिसतात. रीस्टार्ट लागणारं बदललेलं मूल्यही तिथे ‘लागू करता आलं नाही’ असं दिसतं. त्याने घाबरायचं कारण नाही. मात्र रॅम पुरेल का, सुरू होताना लोड करायच्या यादीतली लायब्ररी (जोड-कोडची फाइल) डिस्कवर आहे का, हे त्यात कळत नाही.

दोन शिफ्टच्या मधली वेळ गाठा. लांबलेला रिपोर्ट किंवा बॅकअप चालू नाही ना, ते बघा. आधी हाताने चेकपॉइंट चालवा, म्हणजे बदललेली बहुतेक पानं डिस्कवर जातात आणि सर्व्हर लवकर बंद होतो. बंद करताना ‘फास्ट’ पद्धत वापरा: अर्धवट व्यवहार मागे फिरतात, कनेक्शन तुटतात, डेटा शाबूत राहतो. ‘स्मार्ट’ नावाला भुलू नका. कुणी स्क्रीन उघडी टाकून चहाला गेलं असेल तर ती पद्धत त्याची वाट बघत बसते. ‘इमिजिएट’ने सर्व्हर झटक्यात बंद होतो, पण पुढच्या वेळी उठताना रिकव्हरी करत बसतो.

स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर, असेल तर क्रम पाळा. मॅक्स_कनेक्शन्स वाढवताना आधी स्टँडबाय, मग मुख्य सर्व्हर. कमी करताना उलट.

सर्व्हर उठलाच नाही तर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. मुख्य फाइल ठीक दिसत असेल तर पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ ही दुसरी फाइल बघा. आल्टर सिस्टिम या आदेशाने केलेले बदल तिथे जातात आणि मुख्य फाइलवर मात करतात. हाताने हात लावू नका असं तिच्यात लिहिलेलं असतं, पण सर्व्हर बंद असताना तिची प्रत काढून चुकीची ओळ खोडणं हाच सरळ मार्ग. आदेशात लायब्ररींच्या यादीतली दोन नावं एकाच अवतरणात स्वल्पविरामाने लिहिली असतील, तर आल्टर सिस्टिम ते एकच लांब नाव समजतं आणि तशी लायब्ररी सापडत नाही.

उठल्यावर शो आदेशाने नवं मूल्य तपासा. सुरुवातीला क्वेरी रेंगाळतील, कारण बफर रिकामे असतात आणि पानं डिस्कवरून यावी लागतात. त्या वेगावरून नव्या सेटिंगचा निकाल लावू नका.