पलंगाच्या पायथ्याचा रंगीत पट्टा: बेड रनर घेण्याआधी आणि घेतल्यावर

पाहुणा खोलीत येतो, बॅग पलंगावर टाकतो आणि बूट न काढताच क्षणभर आडवा होतो. बॅगेची चाकं आणि बुटांचे तळवे जिथे टेकतात, नेमका तिथेच बेड रनर असतो. खालच्या पांढऱ्या दुलईच्या कव्हरवर एक डाग पडला तरी अख्खं कव्हर धुवायला जातं. रनर तेवढा उचलून बदलता येतो. त्याने खोलीला रंग येतो हे खरंच, पण कापड निवडताना आधी बॅगेच्या चाकांचा विचार करा. टिकल्या, मणी किंवा सुटे धागे असलेलं कापड चाकात अडकून उसवतं. घट्ट विणीचं जाड कापड घ्यावं, मध्यम ते गडद रंगात.

लांबी काढताना गादीची रुंदी घ्या आणि दोन्ही बाजूंना लोंबणारा भाग मिळवा. १८० सेंमी रुंद, २५ सेंमी जाड गादी असेल तर प्रत्येक बाजूला ३५ सेंमी सोडून रनर २५० सेंमीचा होतो. टोक जमिनीला लागू देऊ नका, फरशी पुसताना ते भिजतं. रुंदी आम्ही ६० सेंमी सुचवतो. १४० सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात, दोन्ही कडांना २-२ सेंमी माया, म्हणजे शिवणीत दुमडायचं जादा कापड धरून, ६४ सेंमीचे दोन पट्टे बसतात. ७० सेंमी रुंदी मागितलीत तर एकच निघतो आणि उरलेलं कापड बहुधा वाया जातं.

पट्टा थानाच्या लांबीत कापला जातो आणि पलंगावर आडवा पडतो. त्यामुळे उभं झाड किंवा उभी वेल असलेलं डिझाइन पायथ्याशी उभं राहून पाहिलं की आडवं झालेलं दिसतं. साधं, किंवा कुठूनही सारखंच दिसणारं डिझाइन बरं.

तक्रारी सर्वात जास्त येतात त्या अस्तराच्या. सॅटिनचं अस्तर गुळगुळीत चादरीवरून घसरतं, म्हणून खाली ड्रिल नावाचं जाडसर सुती कापड लावावं. वरचं कापड पॉलिस्टरचं आणि अस्तर सुती असेल, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं तसंच राहतं. ४ टक्के आटलं तरी २५० सेंमीत १० सेंमीचा फरक पडतो. मग वरच्या बाजूला झोळ येतो, तो इस्त्रीने जात नाही. उपाय एकच: कापण्याआधी अस्तर धुवून, वाळवून, इस्त्री करून घेणं. शिवायला देताना हे आवर्जून विचारा.

रंगाची चाचणी घरीच होते. पांढरा रुमाल ओला करून रनरवर ठेवा आणि त्यावर कोमट इस्त्री फिरवा. रुमालावर छटा उतरली तर तो रनर पांढऱ्या कव्हरवर टाकू नका, दमट हवेतही डाग पडू शकतो.

अंथरताना रनर मधोमध दुमडा, दुमड गादीच्या मध्यावर ठेवा आणि मग उलगडा. दोन्ही टोकं आपोआप सारखी लोंबतात. खालची कड पायथ्यापासून वीतभर आत राहू द्या.

पाहुण्यांसाठी एक सूचना खोलीत जरूर ठेवा. रनर प्रत्येक मुक्कामानंतर धुतला जातोच असं नाही, म्हणून झोपण्यापूर्वी तो काढून, घडी करून खुर्चीवर ठेवावा. अंगावर ओढू नये. प्रत्येक पलंगामागे दोन रनर असले, तर एक धुवायला गेला तरी पलंग उघडा राहत नाही.