महाबळेश्वर : पाऊस आधी आला, गाव नंतर

जुलै-ऑगस्टमधे शनिवार-रविवारी वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला चढणाऱ्या पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, आणि ती बघून आमच्या वाईतली म्हातारी माणसं दरवर्षी तेच विचारतात, ह्या दिवसात वर जाऊन करायचं काय? नव्या पोरांना हा प्रश्नच कळत नाही, कारण त्यांच्यासाठी महाबळेश्वर म्हणजे धुकं, धबधबे आणि गरम मक्याचं कणीस. पण गेली जवळजवळ दोनशे वर्षं हे गाव पावसाळ्यात मिटून घ्यायचं, आणि ते का हे समजायला आधी तिथला पाऊस समजून घ्यावा लागतो, मग इतिहास आपोआप कळतो.

महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, तिथला सगळ्यात उंच विल्सन पॉइंट १४३९ मीटरवर. गाव बरोब्बर सह्याद्रीच्या धारेवर बसलंय, पश्चिमेला कडा सरळ कोकणात उतरतो. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा कोकणाची सपाट पट्टी ओलांडून ह्या कड्याला धडकतो, त्याला वर चढण्याशिवाय वाट नसते, वर चढला की थंड होतो आणि पोटातलं पाणी इथंच टाकून मोकळा होतो. वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. मग तोच वारा पूर्वेला उतरतो तेव्हा त्याच्यात फार काही उरलेलं नसतं, म्हणून अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पाऊस, घाट उतरून वाईत आलात की सात-आठशे मिलिमीटर, आणि पुढं माण तालुक्यात तर लोक ढगाकडं डोळे लावून बसलेले. एकाच सातारा जिल्ह्यातली ही गोष्ट. पावसाळ्यात वरून खाली येताना हे अक्षरशः दिसतं, महाबळेश्वरात वायपर फुल स्पीडला असतो, पाचगणीत भुरभुर, आणि पसरणी घाटाच्या शेवटच्या वळणांवर रस्ता चक्क कोरडा.

काहीजण इथल्या जंगलाला रेनफॉरेस्ट म्हणतात. पावसाचा आकडा बघितला तर तसं वाटणं साहजिक आहे, पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. शिवाय वर जांभा दगडाचा थर, माती कमी आणि वारा भयंकर, म्हणून झाडं उंच जात नाहीत, बुटकी आणि दाट होतात. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही इथली मुख्य मंडळी. शास्त्राच्या भाषेत निमसदाहरित जंगल. ह्याच झाडांवर इथला मध चालतो, जांभळाचा मध जरा कडवट लागतो, आणि कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुललं की त्या वर्षीच्या मधाची बात वेगळीच. २०२२ मधे तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते उगाच नाही.

आता इतिहास. लोक समजतात महाबळेश्वर इंग्रजांनी शोधलं. त्यांनी वसवली ती बाजारपेठ, आजचं टुरिस्टांचं गाव. मूळ महाबळेश्वर म्हणजे तिथून पाच-सहा किलोमीटरवरचं क्षेत्र महाबळेश्वर, आणि ते फार जुनं आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात कृष्णेच्या उगमापाशी बांधकाम केल्याचं सांगतात. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री एकाच गोमुखातून पडतात अशी श्रद्धा आहे, आणि भूगोलही ह्या श्रद्धेच्या फार लांब नाही, कारण ह्याच डोंगरमाथ्यावरून पाणी दोन बाजूंना फुटतं. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र धोम धरणातून वाईच्या गणपतीचे पाय धुवून पुढं जाते, माहुलीला वेण्णा भेटते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना येते, मग सांगली, आणि तिथून कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत पार बंगालच्या उपसागरात. म्हणजे महाबळेश्वरला काय होतंय ह्याच्याशी सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याचाही संबंध आहे.

हा सगळा मुलूख तेव्हा जावळीच्या मोरे घराण्याचा. जंगल इतकं घनदाट की बाहेरचा माणूस आत शिरायला घाबरायचा, आणि मोऱ्यांची ताकद त्या जंगलातच होती. १६५६ मधे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाचा जो शेवट झाला त्यात ह्या जंगलाचा वाटा मोठा होता, कारण वाईत बसलेला खान फौज घेऊन त्या अडचणीत उतरला तिथंच अर्धं काम झालं होतं. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या वेळी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली तीही क्षेत्र महाबळेश्वरलाच.

१८१८ ला मराठी सत्ता गेली, सातारच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते पण त्यांच्यावर नजर ठेवणारा रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, इंग्रज. १८२४ मधे सातारच्या छावणीतला लॉडविक नावाचा अधिकारी इथल्या कड्यापर्यंत चढून आला आणि उन्हाळ्यातली थंड हवा बघून वेडा झाला. त्याच्या मुलाने १८७४ मधे उभारलेला खांब लॉडविक पॉइंटला अजून आहे. पुढं रेसिडेंट ब्रिग्जच्या आग्रहावरून महाराजांनी साताऱ्याहून वरपर्यंत रस्ता करून दिला, आणि १८२९ मधे मुंबईचा गव्हर्नर माल्कम ह्याने तह करून ही जागा घेतली, बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव दिलं. बाजारपेठेचं नाव माल्कम पेठ पडलं. ज्या प्रतापसिंह महाराजांनी रस्ता करून दिला त्यांनाच दहा वर्षांनी, १८३९ ला, पदच्युत करून काशीला पाठवलं, हे वाचताना अजूनही वाईट वाटतं. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शहाजीराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, १८४२ मधे वेण्णा तळं बांधलं. आज तिथं बोटिंग चालतं, पण महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्हीकडं पिण्याचं पाणी ह्याच तळ्यातून जातं हे किती जणांना माहितीये?

पॉइंटांची नावं इंग्रजी पडली पण जुनी नावं गावात टिकून होती. विल्सन पॉइंट म्हणजे सिंडोला, आर्थर सीट म्हणजे मढीमहाल, केट्स पॉइंट म्हणजे नाके खिंड. मला ही नावं जास्त आवडतात आणि गाइड लोकांनी ती सांगावीत असं मनापासून वाटतं.

एक गोष्ट फार कमी बोलली जाते. १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत इथं तुरुंग होता, आणि त्यात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी होते. बटाटा आणि विलायती भाज्यांची शेती इथं ह्या कैद्यांनी रुजवली. चायनामन्स फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्या मळ्यांवरूनच. कुठली माणसं, कुठल्या डोंगरावर येऊन गाजर-मुळे लावत बसली! स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्या काळातच आली. ती इथल्या थंडीत आणि लाल मातीत अशी रमली की आज देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी ह्याच पट्ट्यातली, २०१० मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातही पाऊस आडवा येतोच, वरच्या पावसात रोपं कुजतात म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांची मदर प्लँटची, म्हणजे ज्यांच्यापासून नवी रोपं करतात त्या मूळ रोपांची नर्सरी पावसाळाभर खाली वाईकडं असते आणि पाऊस ओसरला की रोपं घाट चढून वर जातात.

तर मुद्दा असा की इंग्रजांनी हे गाव दोन सीझनसाठी वसवलं, एप्रिल ते मध्य जून आणि पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मुंबई सरकारचं उन्हाळी ठाणं इथं असायचं, गव्हर्नर यायचा, दफ्तरं यायची, आणि मृग लागला की सगळे खाली पळायचे. मागं राहायचे ते इथले लोक. माझी आत्या क्षेत्राजवळच्या वाडीत दिली होती, तिच्या घरी मी लहानपणी एकदा जुलैत राहिलोय. मे महिन्यातच घराला चारी बाजूंनी गवताच्या झडी बांधलेल्या, म्हणजे भिंतीवर पाऊस लागू नये म्हणून घरालाच घोंगडं पांघरल्यासारखं. त्यामुळं आत दिवसासुद्धा अंधार. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी चुलीशेजारी डब्यात जपून ठेवलेली, आणि ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर, त्यामुळं आमच्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास. पत्र्यावरच्या पावसात एकमेकांशी बोलायला ओरडावं लागायचं. आत्या म्हणायची, चार महिने माणसानं घरात बसावं, डोंगराला त्याचं काम करू द्यावं.

त्या चार महिन्यांत खरंच डोंगराचं काम चालायचं. जांभ्यातून पाणी मुरायचं, झरे भरायचे, करवंदाच्या जाळ्या आणि जांभळीची रोपं कुणाच्या पायाखाली न येता वाढायची. आता तो विश्रांतीचा काळ राहिला नाही, पावसाळा हाच नवा सीझन झालाय. हॉटेलवाल्यांना दोष द्यायचा नाहीये, बारमाही धंदा कुणाला नको असतो, आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. पण सहा हजार मिलिमीटर पावसाच्या ह्याच डोंगरात मे महिन्यात वाड्यावस्त्यांवर बाया हंडा घेऊन झऱ्यापाशी ताटकळत बसतात. पाणी पडतं खूप, ते थांबतं किती हे जंगलावर अवलंबून, आणि उतारावरचं जंगल काढून बांधकाम केलं की ते थांबत नाही.

२००१ मधे केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी हा इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला संवेदनशील भाग, जाहीर केला तो ह्याचसाठी. तरीही बांधकामं वाढत गेली. २२ जुलै २०२१ ची रात्र आम्ही कुणी विसरणार नाही, चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे वाईत वर्षभरात पडतो त्याच्या पाऊण हिश्श्याएवढा. आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडीखाली माणसं गेली, खाली महाडजवळ तळीये गाव गाडलं गेलं. आता नवीन महाबळेश्वर हा नव्या गिरिस्थानाचा प्रकल्प आलाय, साताऱ्यातली शेकडो गावं त्यात आहेत, एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, आराखडा करतेय. त्या गावांपैकी बरीचशी ह्याच कोयना-सोळशी नद्यांच्या खोऱ्यातल्या उतारांवर आहेत, जिथं अजून मे महिन्यात कुणीतरी घराला झडी बांधत असतं, आता गवताऐवजी प्लॅस्टिकच्या कागदाच्या.