गोव्यातील दत्तक कायदा

मूल दत्तक घेण्यासंबंधी गोवा राज्याचा स्वतःचा स्वतंत्र कायदा नाही. दत्तकाची प्रक्रिया येथे केंद्राच्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार चालते. दत्तक आलेल्या मुलाला घरादारात काय वाटा मिळतो, हे ठरवणारा वारसा कायदा मात्र गोव्याचा आहे आणि त्याची मुळे पोर्तुगीज संहितेत आहेत. शेजारच्या सिंधुदुर्गात हिंदू कुटुंबे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दत्तकपत्र करतात. तो कायदा गोव्याला लागू केलेला नाही.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. विवाह, पती-पत्नीची मालमत्ता, वारसा यांचे तिने बारकाईने नियमन केले, पण दत्तकाला तिच्यात जागाच नव्हती. अनौरस मुलाला बापाने आपले म्हणून मान्य करण्याची सोय होती. दुसऱ्याच्या पोटचे मूल कायद्याने आपले करण्याची नव्हती. हिंदूंपुरती वाट १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने मोकळी राहिली. त्यांच्या रूढी-परंपरा जपणाऱ्या या हुकुमाने मुलगा नसलेल्या घराला दत्तकाची मुभा ठेवली. ख्रिस्ती व मुसलमान गोवेकरांना तशी मुभा नव्हती. गोव्याचा कौटुंबिक कायदा सर्वांना सारखा, असे नेहमी अभिमानाने सांगितले जाते आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये वारशाच्या एका खटल्यात त्याची वाखाणणी केली. दत्तकाच्या बाबतीत तो सारखा नव्हता, हे त्याच अभिमानाने सांगायला हवे. पोर्तुगालने पुढे १९६६ च्या नव्या संहितेत दत्तकाला जागा दिली. पण १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झालेला असल्याने ती सुधारणा इथवर आली नाही. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, आणि त्यांच्याबरोबर ही उणीवही चालू राहिली.

या उणिवेतून जी प्रथा पोसली गेली ती ‘पोसक्यां’ची. गोव्याच्या सासष्टी व बार्देश तालुक्यांतल्या सधन ख्रिस्ती घरांत अनाथ किंवा गरिबाघरचे मूल आणून वाढवत. मुलगा असला तर पोसको, मुलगी असली तर पोसकें. त्याचा बाप्तिस्मा होई, त्याला दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळे. काही घरांनी अशा मुलांना खरोखर माया लावली. पुष्कळ घरांत मात्र ती बिनपगारी घरकामालाच जुंपली गेली. माया लावली तरी नाते कागदावर येत नसे. भाटकाराने, म्हणजे घरमालक जमीनदाराने, मृत्युपत्रात आठवण ठेवली तर काही पदरात पडे, नाही तर म्हातारपणीही त्याच घराच्या मागच्या खोलीत पुतण्यांच्या मर्जीवर दिवस काढावे लागत. पोसक्यांचे हे हाल कोणा एका घराच्या कठोरपणाने झाले, असे म्हणता येत नाही. दत्तकाची तरतूदच नसल्याने दयाळू माणसालाही त्या मुलाला हक्क देणे जमत नव्हते.

बदल आला तो बाल न्याय कायद्यामुळे. २००० चा कायदा व त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी धर्म न पाहता दत्तकाचा मार्ग खुला केला. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला उपलब्ध असल्याचे स्पष्ट केले. २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. इच्छुक पालक केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करतात. समाजसेवक घरी येऊन गृहभेटीचा अहवाल तयार करतो. बाल कल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त ठरवलेले मूलच सुचवले जाते आणि ते राखून ठेवण्यास ४८ तास मिळतात. मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. मूल पालकांकडे सोपवल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, त्याची विचारपूस केली जाते.

भावाचे किंवा बहिणीचे मूल घेण्याची चाल गोव्यातल्या हिंदू घरांत जुनी आहे. तेही या कायद्यात बसते, कारण काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना नातेवाईक मानले आहे. चुलतभावाचे मूल मात्र या व्याख्येत येत नाही. नात्यातल्या दत्तकालाही जन्मदात्यांची लेखी संमती व जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतोच. घरातल्या घरात ठरवून भागत नाही.

आदेशाचे खरे मोल गोव्यात वारशाच्या वेळी कळते. बाल न्याय कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार दत्तक मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखे होते. आता फोंड्यातले एक जोडपे घ्या. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर त्यांची मालमत्ता दोघांची सामाईक असते. नवरा वारला की निम्मे घर बायकोचेच राहते. उरलेल्या निम्म्यापैकी अर्ध्या भागाचेच मृत्युपत्र त्याला करता येते. बाकीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि तो सहजासहजी डावलता येत नाही. एक मूल पोटचे, एक दत्तक असले तरी दोघांना तो सारखा मिळतो. इतर राज्यांत हिंदू बाप स्वतः कमावलेली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकतो. गोव्यात दत्तक मुलालाही त्यापासून संरक्षण आहे. हा वारसा आता प्रामुख्याने गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया अधिनियम, २०१२ खाली येतो; तो सप्टेंबर २०१६ मध्ये अमलात आला. विशेष नोटरीपुढे वारसांची नावे लिहिली जातात तेव्हा आदेश नसलेल्या, नुसत्या सांभाळलेल्या मुलाचे नाव तिथे येत नाही. ज्यांनी मूल लहानपणापासून वाढवले आहे, त्यांनी ते अठरा वर्षांचे होण्याआधीच हे काम मार्गी लावावे, कारण दत्तक त्या वयापर्यंतच घेता येते.

हॉस्पिटलातून किंवा ओळखीतून परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे. ठरलेली प्रक्रिया टाळून दत्तक दिल्या-घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलांच्या तस्करीसाठी गोव्याचा स्वतःचा गोवा बाल कायदा, २००३ आहे आणि अशा खटल्यांसाठी स्वतंत्र बाल न्यायालय आहे. मूल सांभाळणे खरोखर शक्य नसलेल्या आईला ते बाल कल्याण समितीपुढे स्वाधीन करता येते. तिची ओळख उघड केली जात नाही, आणि निर्णय बदलून मूल परत नेण्यासाठी तिला ६० दिवस असतात.