नवेगावचा बांध आधी, जंगल नंतर

नवेगाव बांध. या नावातच अर्धी गोष्ट सांगून झाली आहे. नावात डोंगर नाही, वाघ नाही, वन नाही, बांध आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. नागपूरकडून गाड्या भरभरून माणसं येतात, जिप्सीत बसून जंगलात जातात, वाघ दिसला नाही की हिरमुसून परततात. जाताना तलावाच्या पाळीवर उभं राहून एक फोटो. तो तलाव म्हणजे निसर्गाने आयतं दिलेलं सरोवर, असंच बहुतेकांना वाटतं. मलाही शाळेत असेपर्यंत तसंच वाटायचं. त्या वयात पाळ म्हणजे फक्त सायकल चालवायची उंच जागा होती.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं. क्षेत्र १३३.८८ चौरस किलोमीटर. त्याच्या मांडीवर सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी पसरलेलं आहे, आणि हे पाणी माणसांनी अडवलेलं आहे. अठराव्या शतकात, धानासाठी. इथल्या वन्यजीवांचा इतिहास सांगताना सुरुवात १९७५ पासून केली, तर मुळं सोडून शेंड्यापासून झाड मोजल्यासारखं होतं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग यांना मिळून झाडीपट्टी म्हणतात. बाकीच्या विदर्भाला कापूस आठवतो, आम्हाला धान. पाऊस कमी नाही, वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पडतो. पण पडतो तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला पाणी हवं असतं नेमकं पाऊस पाठ फिरवतो तेव्हा. लोंबी पोटरीत असताना एक पाणी चुकलं तर वर्ष गेलं. म्हणून या पट्ट्यात पाणी साठवणं ही हौस नव्हती, पोटाची निकड होती. जमीनही साथ देणारी. खाली कठीण खडक, मधे बुटक्या टेकड्या, टेकड्यांमधून उतरणारे नाले. दोन टेकड्यांमधली फट बुजवली की मागे पाणी.

ही फट नेमकी कुठे बुजवायची हे ज्यांना कळत होतं ते कोहळी. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणलं अशी परंपरेची कथा आहे. काशी खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. ऊस लावणारे, तलाव बांधणारे शेतकरी म्हणून त्यांची ओळख मात्र पक्की. गोंड राजांनी त्यासाठी एक शहाणी व्यवस्था लावली होती. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. या इनामाला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यात एक तलाव बुडालेला आहे हे माहीत असेल, कोण जाणे.

नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला. सरकारी दप्तरापासून आजीच्या गोष्टीपर्यंत हे नाव सगळीकडे तेच आहे. तलावाभोवती सात टेकड्या आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. पाळ टिकत नव्हती, तेव्हा या सात देवी कोलू पाटलाच्या मदतीला आल्या असं लोक सांगतात. नकाशा पाहिला तर कथा फारशी चुकीची वाटत नाही. खरं काम टेकड्यांनीच केलं आहे; कोलू पाटलाने त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा भरल्या. पुढे कोलू पाटलाचाच कोलासूर देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाला देव करणारा मुलूख मला तरी उगाच भोळा वाटत नाही.

तलाव म्हणजे नुसती पाळ नव्हे. जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा लागतो आणि हवं तेवढंच पाणी सोडायला तुडूम. नव्या पिढीला तुडूम हा शब्द माहीत नसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात उतरत जाणारी दगडाची किंवा लाकडाची रचना. तिला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला लाकडी बूच. पाणी सोडायचं ते सगळ्यात वरचं बूच काढून. पातळी त्या भोकाखाली गेली की त्याच्या खालचं. त्यामुळे सुटतं ते नेहमी वरचं पाणी. दाब बेताचा राहतो, तळचा गाळ ढवळत नाही, आणि किती भोकं उरली यावरून किती पाणी शिल्लक आहे हे गावातलं पोरही सांगू शकतं. मीटर नाही, चावी नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या बोडीचं, म्हणजे छोट्या तलावाचं, तुडूम मी लहानपणी उघडताना पाहिलंय. म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात उतरला, बूच दोन्ही हातांनी हलवून हलवून सैल केलं, आणि पाळीपलीकडच्या पाटात पाणी आल्याचा आवाज आला तसा वर बसलेल्यांना म्हणाला, "आलं का जी?" मग पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी जायचं हे ठरलेलं. पाण्याच्या वाटपाला नेमलेला माणूस असे, आणि त्याच्याशी भांडण घेणं पाटलालाही परवडत नसे.

एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा पुढच्या बोडीत. पूर्व विदर्भातल्या अशा जुन्या तलावांची संख्या साडेसहा-सात हजारांच्या घरात जाते. माळेतला एक मणी म्हणजे नवेगाव. फक्त मोठा, आणि जंगलाने वेढलेला.

आता या पाण्याने जिवांसाठी काय केलं ते पाहू. पाणी खोल आहे तिथे मासे, आणि माशांमागे पाणकावळे. त्याच्या अलीकडे कमळ आणि पोयणीच्या पानांचा थर; त्यावरून लांब बोटांचा कमळपक्षी डगमगत चालतो, पान बुडायच्या आत पुढच्या पानावर. उथळ भागात गवतं, लव्हाळा आणि देवधान. देवधान म्हणजे कोणी न पेरलेला, तलावात आपसूक उगवणारा जंगली तांदूळ. दाणा पिकला की झडून पाण्यात पडतो, म्हणून गोळा करणं कष्टाचं. उपासाला चालतो, त्यामुळे त्याला भावही मिळतो. माणसाच्या वाट्याला येण्याआधी तो बदकांच्या वाट्याला जातो. अडई इथे कायमच्या. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणाऱ्या पाहुण्यांत चक्रवाक आणि पट्टकदंब हंस. तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे.

पाळीवरून मागे वळलं की रान. हे बारा महिने ओलंगच्च, अंधारं असं पर्जन्यवन नव्हे. आपलं रान पानझडीचं. उन्हाळ्यात उघडंबोडकं, पावसाळ्यात ओळखू न येणारं. साग आहे, ऐन आहे, धावडा, बीजा, हळदू, तेंदू, चार (चारोळीचं झाड), बेहडा आणि भरपूर बांबू. नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. फाल्गुनात पळस पेटतो, त्याच्या मागोमाग मोह टपटपायला लागतो. पहाटे मोहाखाली दोघांची गाठ पडते, टोपली घेतलेल्या बाईची आणि अस्वलाची. दोघांनाही तीच फुलं हवी असतात. झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं वेचायला सोपी, म्हणून आग लावतात. ती कधीकधी आवरत नाही, आणि मग वनविभागाची माणसं रात्रभर झाडांच्या फांद्यांनी वणवा झोडपत फिरतात. मोह बंद करा म्हणणारे शहरात राहतात, एवढंच म्हणेन.

रान आणि तलाव यांचं नातं एकतर्फी नाही. वरच्या टेकड्यांवर झाडी आहे तोवर पावसाचं पाणी माती न आणता उतरतं आणि तलाव गाळाने भरत नाही. तलाव आहे तोवर मे महिन्यात नाले आटल्यावर चितळ, सांबर, गवे, रानडुकरं पाण्यासाठी लांब भटकत नाहीत, आणि त्यांच्या मागचे बिबटे, रानकुत्रीही. कोलू पाटलाला गवा वाचवायचा नव्हता. त्याला धान वाचवायचं होतं. गवा त्या व्यवहारातला नफा.

तलाव सांभाळणाऱ्यांचा इतिहास मात्र इतका गोड नाही. भोसल्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या काळात गावाचा वसूल देणारे मालगुजार झाले. १८६१ साली मध्य प्रांत झाल्यावर त्यांना गावाच्या मालकीचे हक्कही मिळाले. तलाव त्यांच्या ताब्यात. दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणं, सांडवा दुरुस्त करणं त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. त्यात राबणाऱ्यांना काय मिळायचं हे विचारू नये. वेठ हा शब्द आमच्याकडे उगाच रुळलेला नाही. तेव्हा मालगुजारीचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. पण पाळ तुटली तर मालगुजाराचंही धान वाळत होतं, म्हणून पाळ तुटत नव्हती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. मामा म्हटलं की लाडाचं वाटतं. या मामाकडे मात्र भाच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. शेतकऱ्याला वाटलं तलाव सरकारचा, सरकारला वाटलं गावाचा. गाळ साचत गेला. कोरड्या झालेल्या काठांवर अतिक्रमणं झाली. बेशरम पसरली. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली झुडूपवजा वेल, फांदी तोडून टाकली तरी तिथे मुळं धरणारी. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं आहे. जिथे बेशरम दाटते तिथे देवधान राहत नाही, उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा राहत नाही. नवेगावसारखे मोठे तलाव तगले. लहान बोड्यांची कथा प्रत्येक गावात जाऊन वेगळी ऐकावी लागेल.

याच काळात दुसऱ्या बाजूने संरक्षणाची रेघ ओढली जात होती. उत्तरेला असलेलं नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, क्षेत्र १५२.८१ चौरस किलोमीटर. नागाचं ठाणं आणि डोंगरातून झिरपणारा झिरा, यांवरून हे नाव पडल्याचं सांगतात. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. नंतर बराच काळ शांतता. २०१२-१३ मध्ये नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्यं जोडली गेली आणि डिसेंबर २०१३ मध्ये सगळं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला पाचवा. गाभा सुमारे ६५३ चौरस किलोमीटरचा. आतली काही गावं उठवून बाहेर वसवली गेली. त्या गावांच्या जुन्या बांध्यांवर आता गवत वाढतं आणि चितळांचे कळप चरतात. आंबा-चिंचेची झाडं ओळीत दिसली की समजायचं, इथे कोणाचं तरी अंगण होतं.

या प्रकल्पाचं महत्त्व वाघांच्या संख्येपेक्षा जागेत आहे. कान्हा, पेंच आणि ताडोबा यांच्या मधोमध असलेला हा मुक्कामाचा थांबा. इथून वाघ निघतात. जय नावाचा गाजलेला वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला आणि २०१६ नंतर कोणाला दिसला नाही. नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून मात्र मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. साकोलीहून देवरीकडे रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, रस्त्यावर काय काय आडवं येतं. वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. ब्रह्मपुरीकडे वाघ गावात मावत नाहीत आणि इकडे जंगलात जागा रिकामी, असा हा उलटा हिशेब.

सगळी चर्चा वाघाभोवती फिरते, तेव्हा मला सारस आठवतो. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा, जोडीने राहणारा. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ फक्त गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उरला आहे, तोही मोजकाच. एकेकाळी नवेगावच्या तलावावर त्याचं असणं सवयीचं होतं. आता जो आहे तो मुख्यतः संरक्षित रेघेच्या बाहेर, बोड्यांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांत. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उरकला की बांधीतलंच गवत, धानाची रोपं, चिखल ओढून तो पाण्यात ढीग रचतो आणि त्यावर दोन अंडी घालतो. त्या ढिगापायी दोन-चार हात धान जातं. काही शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतात. औषध फवारायला त्या बाजूला जात नाहीत. बाकीच्यांना समजवावं लागतं. विजेच्या तारा त्याचा जीव घेतात, शेतातली कीटकनाशकंही.

दरवर्षी जूनमध्ये, मृगाच्या आसपास, सारसांची मोजणी होते. उजाडायच्या आत पथकं आपापल्या बोडीवर जाऊन बसतात. त्यात वनविभागाची माणसं असतात, पक्षिमित्र असतात, आणि ज्याची ती बोडी आहे तो शेतकरीही असतो, कारण जोडी रात्री कुठे थांबते हे त्यालाच माहीत असतं. दिसायच्या आधी सारस ऐकू येतो. नर एकदा, मादी दोनदा, लांबवर पोहोचेल असा कर्णा. पाळीवर बसलेला माणूस वहीत वेळ लिहितो, पुढे रकान्यात आकडा. बहुतेक रकान्यांत तो दोन असतो.