गावाचा संघ, काउंटीचा कप

१ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, आयर्लंडच्या मध्यभागातल्या बर्र या गावी हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा पहिला अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला. स्पर्धा खरं तर १८८७ सालची, पण अंतिम फेरीला पुढचं वर्ष उजाडलं. टिपेररी काउंटीने गॅलवे काउंटीला हरवलं अशी त्याची नोंद आहे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग). त्या दिवशी मैदानात उतरले ते मात्र थर्ल्स आणि मीलिक हे दोन क्लब, प्रत्येकी एकवीस खेळाडूंचे. थर्ल्सचा ठरलेला कॅप्टन आणि काही खेळाडू प्रवासखर्चाच्या वादातून आलेच नव्हते. उरलेल्यांत इतरांची भर घालून संघ उभा केला आणि तो जिंकला. आज हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या आयरिश खेळांचं नाव निघालं की किलकेनी, केरी, कॉर्क, डब्लिन अशा काउंट्यांचीच नावं घेतली जातात. पण ही स्पर्धा जन्माला आली ती क्लबांची म्हणून. काउंटी पुढे आली आणि क्लब मागे पडला, तो नंतर. तो पुन्हा पुढे यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हर्लिंगमध्ये अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी असते, तिला हर्ली म्हणतात. चामड्याचा लहान चेंडू तिने जमिनीवरून किंवा हवेतच मारायचा. गेलिक फुटबॉलमध्ये मोठा चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा बुटाच्या टोकाने उडवून परत हातात घ्यावा लागतो. गोलचे खांब दोन्हीकडे इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक गुण (फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन). म्हणून धावफलकावर १-१२ असं दिसतं, ते एक गोल आणि बारा गुण, एकूण पंधरा.

हर्लिंग किती जुना, याचं उत्तर दंतकथांपासून सुरू होतं. कू खुलिन हा आयरिश पुराणातला वीर लहानपणी काठी-चेंडू खेळत दरबारात येतो. इतिहासाची पक्की पावलं दिसतात ती बंदीच्या कायद्यांत. १३६६ च्या किलकेनी कायद्यांनी आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांना हा खेळ खेळायला मनाई केली. १५२७ मध्ये गॅलवे शहराने पुन्हा मनाई केली. दीडशे वर्षांनी तोच कायदा पुन्हा करावा लागला, यावरून पहिल्याचं काय झालं असेल ते समजतं. अठराव्या शतकात जमीनदारांनी खेळाला आश्रय दिला. आपापल्या कुळांचे संघ उतरवायचे आणि त्यांच्यावर पैजा लावायच्या. शतक संपता संपता हा आश्रय आटला. पुढे १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. गावंच ओस पडली, तिथे संघ कुठून उभे राहणार? हर्लिंग काही भागांत तग धरून राहिलं, पण प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे. गॅलवेतल्या किलिमोर गावाने १८६९ मध्ये आपले नियम लिहून काढले होते, ते त्या काळात अपवादच म्हणायचे.

इथे मायकल क्युसॅक येतो. क्लेअर काउंटीतल्या बरेन नावाच्या खडकाळ मुलखातला हा माणूस पेशाने शिक्षक. डब्लिनमध्ये त्याने सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास काढला आणि तो चांगला चालवला. रग्बी खेळायचा, क्रिकेटही खेळायचा. म्हणजे ज्या खेळांना पुढे ‘परकीय’ ठरवलं गेलं ते त्याला परके नव्हते. त्याला खुपत होती ती त्या वेळच्या मैदानी स्पर्धांची व्यवस्था. इंग्लंडहून आलेल्या हौशी खेळाडूच्या व्याख्येत मजूर आणि कारागीर बसत नव्हते, आणि रविवारी स्पर्धा घेणं तर निषिद्धच. कामकरी माणसाला सुटी मिळायची ती फक्त रविवारी. मग त्याने खेळायचं कधी? १८८४ च्या ईस्टर सोमवारी क्युसॅक आपला डब्लिनचा मेट्रोपॉलिटन क्लब घेऊन बॅलिनस्लो गावी किलिमोरशी खेळायला गेला. दोन्ही बाजूंच्या नियमांचा मेळ बसला नाही आणि सामना धसमुसळेपणात संपला. सगळ्यांना लागू होतील असे एकच नियम हवेत, हे त्या दिवशी पुरेसं स्पष्ट झालं असावं.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्सच्या हेज हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. सगळे तिला जीएए म्हणतात. बैठकीला हजर असलेल्यांची जी नावं हमखास सांगितली जातात ती सातच आहेत. अध्यक्ष झाला मॉरिस डेव्हिन, हातोडाफेकीत नाव कमावलेला शेतकरी. हजर असलेल्यांत टॉमस सेंट जॉर्ज मकार्थी हाही होता, आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळलेला आणि ब्रिटिश अमलाखालच्या पोलीस दलातला अधिकारी. पुढे याच संघटनेने पोलिसांना सभासदत्व नाकारलं. म्हणजे आपल्या एका संस्थापकालाच दारं बंद केली. आश्रयदाते म्हणून आर्चबिशप टॉमस क्रोक, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल आणि मायकल डेव्हिट यांना गळ घालण्यात आली आणि तिघांनीही होकार दिला. चर्च, होमरूल आणि शेतकरी चळवळ असे तीन खांब एका दमात मिळाले. टिळकांनी आणि बेझंटबाईंनी १९१६ मध्ये इथे होमरूल लीग काढल्या तेव्हा नमुना म्हणून ज्या आयरिश चळवळीकडे पाहिलं, तिचा नेता हाच पार्नेल.

क्लब भराभर निघाले, कारण त्यासाठी नवीन काही उभारावं लागत नव्हतं. पॅरिश, म्हणजे वसईकडचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात तो, हाच घटक आयता तयार होता. एक चर्च, त्याच्या हद्दीतली माणसं आणि त्यांचा एक क्लब. नावं संतांची किंवा देशभक्तांची. ज्या हद्दीत जन्मलात किंवा राहता तिथूनच खेळायचं हा दंडक आजही बऱ्याच अंशी पाळला जातो. खेळाडूला पगार नाही, त्याची खरेदी-विक्री नाही. फॉर्म गेला म्हणून शेजारच्या क्लबात जाणाऱ्याकडे लोक आजही वाकड्या नजरेने पाहतात.

क्युसॅक स्वतः फार टिकला नाही. माणूस तापट, पत्रव्यवहारात बेफिकीर. १८८६ मध्येच त्याला सचिवपदावरून काढण्यात आलं. १८८७ मध्ये अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक काउंटीत क्लबांनी आपसांत खेळायचं, आणि जो जिंकेल त्याने काउंटीच्या नावाने पुढे जायचं. हर्लिंगमध्ये प्रत्यक्ष मैदानात उतरल्या त्या पाचच काउंट्या. फुटबॉलचा पहिला किताब लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबने डंडॉकच्या यंग आयर्लंड्सला हरवून मिळवला. १८८८ ची स्पर्धा तर पुरीच झाली नाही, कारण त्या वर्षी पन्नासेक खेळाडू निधी जमवायला अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. निधी जमला नाही, उलट कर्ज झालं आणि डेव्हिटने साडेचारशे पौंड उसने दिले. काही खेळाडू तर परत आलेच नाहीत. ज्या देशातून माणसं सतत बाहेर जात होती, तिथे याचं आश्चर्य वाटायला नको.

तेवढ्यात राजकारणाने घर पोखरलं. गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या, आयआरबीच्या, माणसांनी समित्यांचा ताबा घेतला आणि पाद्री दुरावले. १८९० मध्ये पार्नेलचं नाव गोवलं गेलेल्या एका घटस्फोटाच्या खटल्यावरून देश दुभंगला. जीएएने पार्नेलची बाजू घेतली. १८९१ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत खेळाडू हर्ली घेऊन चालले, पण क्लब एकामागून एक बंद पडत गेले. नव्वदीच्या दशकात काही वर्षी हर्लिंगच्या स्पर्धेला मूठभर काउंट्याच उतरल्या.

क्लब आणि काउंटीतला निर्णायक बदल याच पडत्या काळातला आहे. १८९२ मध्ये संघ एकवीसवरून सतरावर आला, आणि विजेत्या क्लबला काउंटीतल्या इतर क्लबांचे खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. गोलची किंमतही तेव्हाच ठरली. तोवर एक गोल कितीही गुणांना भारी असे. आता तो पाच गुणांचा झाला आणि १८९६ पासून तीन गुणांचा. १९१३ मध्ये खेळाडू पंधरा झाले, तेवढेच आजही आहेत. बाहेरचे खेळाडू घ्यायची मुभा सामने चांगले व्हावेत म्हणून दिली होती. पण हळूहळू क्लबाचा संघ काउंटीचा होत गेला, निवडही क्लबाच्या हातून काउंटी मंडळाकडे गेली, आणि क्लबाला उरली ती आपल्या काउंटीतली स्पर्धा. गावाच्या दृष्टीने ती आजही सर्वात मोठी, पण पेपरांत आणि रेडिओवर तिला जागा नव्हती.

१९१३ मध्येच जीएएने डब्लिनच्या जोन्स रोडवरचं मैदान विकत घेऊन त्याला क्रोक यांचं नाव दिलं. २१ नोव्हेंबर १९२० ला तिथे टिपेररी आणि डब्लिन यांच्यात फुटबॉलचा सामना होता. त्या सकाळी आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकल कॉलिन्स याच्या माणसांनी शहरात ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केलं होतं. दुपारी सशस्त्र पोलीस मैदानात घुसले आणि त्यांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा जणांचा जीव गेला. त्यात दहा, अकरा आणि चौदा वर्षांची मुलं होती, आणि टिपेररीचा खेळाडू मायकल होगन होता. होगन ग्रेंजमॉक्लर या छोट्या गावच्या क्लबाचा. क्रोक पार्कच्या मुख्य स्टँडला त्याचं नाव आहे. त्याच मैदानातला हिल सिक्स्टीन हा प्रेक्षकांचा चढ ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर उभा आहे असं लोक सांगतात, पण तो चढ उठावाच्या आधीच, १९१५ मध्ये, रचलेला होता. पहिल्या महायुद्धातल्या एका लढाईवरून त्याला तेव्हा हिल सिक्स्टी म्हणत. दंतकथा मात्र कागदपत्रांना हरलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर काउंटीचा दबदबा वाढला. हर्लिंगचा कप लियम मॅकार्थी याच्या नावाचा, फुटबॉलचा सॅम मॅग्वायरच्या. दोघेही लंडनमधल्या आयरिश वस्तीतले कार्यकर्ते. मॅग्वायर मूळचा पश्चिम कॉर्कचा, टपाल खात्यातला नोकर आणि प्रोटेस्टंट. कॅथलिकांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा सर्वोच्च कप त्याच्या नावाने दिला जातो, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. १९२६ पासून सामने रेडिओवर आले. जॅक लिंच हा कॉर्कचा खेळाडू १९४१ ते १९४६ अशी सलग सहा वर्षं अखिल आयर्लंड विजेत्या संघात होता, पाच वेळा हर्लिंगच्या आणि एकदा फुटबॉलच्या. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. १९४७ चा फुटबॉलचा अंतिम सामना थेट न्यूयॉर्कला भरवला आणि कॅव्हनने केरीला हरवलं.

याच काळात ‘परकीय खेळां’वरची बंदी कडक होती. सॉकर, रग्बी, हॉकी किंवा क्रिकेट खेळणाऱ्याला, नुसतं पाहायला जाणाऱ्यालासुद्धा सभासदत्व गमवावं लागे. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पोलंडविरुद्धच्या सॉकर सामन्याला पदाचं कर्तव्य म्हणून हजर राहिले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी हयात घालवलेला हा माणूस, तरी जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. इतका कोतेपणा त्या संघटनेला शोभला नाही. ही बंदी १९७१ मध्ये उठली. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांवरची २००१ मध्ये उठली, आणि क्रोक पार्क इतर खेळांना २००५ मध्ये खुलं झालं. २००७ मध्ये तिथे इंग्लंडचा रग्बी संघ उतरला आणि ब्रिटनचं राष्ट्रगीत शांतपणे ऐकलं गेलं.

बंदी उठली त्याच १९७१ सालात क्लबांसाठी दार पुन्हा उघडलं. काउंटी विजेत्या क्लबांची प्रांतवार लढत आणि तिथून अखिल आयर्लंड किताब, अशी नवी स्पर्धा सुरू झाली. हर्लिंगचा पहिला अंतिम सामना डिसेंबर १९७१ मध्ये रॉसक्री आणि सेंट रायनग्ज यांच्यात झाला, तोही बर्रलाच. रॉसक्री टिपेररीतलं, तेव्हा किताब पुन्हा तिकडेच गेला. फुटबॉलचा पहिला विजेता ईस्ट केरी. तो एक क्लब नव्हता, केरीतल्या अनेक लहान क्लबांची जोड होती. पुढे अशा जोडसंघांना काउंटीबाहेर खेळायला मनाई झाली. सुरुवातीला फारसं कोणी लक्ष दिलं नाही. अंतिम सामने सेंट पॅट्रिक डेला, १७ मार्चला, क्रोक पार्कवर होऊ लागले तशी स्पर्धेला वजन आलं. किलकेनीतला बॅलीहेल शॅमरॉक्स हा लहानशा खेड्याचा क्लब हर्लिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे गेला. फुटबॉलमध्ये कॉर्कचा निमो रेंजर्स तसाच. उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या क्रॉसमॅग्लेनच्या मैदानाचा एक भाग १९७० च्या दशकापासून ब्रिटिश लष्करी तळाने व्यापला होता आणि सामना चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत. त्या क्लबाने १९९७ ते २०१२ मध्ये सहा किताब घेतले.

भांडण मात्र मिटलं नव्हतं. काउंटीचे सामने वाढत गेले, काउंटी प्रशिक्षक खेळाडूंना सोडेनात, आणि क्लबाचे सामने महिनोन्महिने लांबणीवर पडू लागले. पुढचा सामना कधी हे खेळाडूला माहीत नसायचं, मग तो लग्नाची तारीख धरणार कशी आणि परदेशी जाणार कसा? कोविडच्या काळात वेळापत्रक मोडलं तेव्हा क्लब आधी आणि काउंटी नंतर असा प्रयोग आपसूक घडला आणि खेळाडूंना तो आवडला. २०२२ पासून हंगाम दोन भागांत वाटला गेला. जुलैअखेर काउंटीचं सगळं उरकायचं, पुढे क्लब. सप्टेंबरातल्या रविवारी अंतिम सामना पाहत वाढलेली पिढी अजून त्यावर कुरकुर करते. काउंट्यांच्या किताबांत २०२५ अखेर हर्लिंगमध्ये किलकेनीचे ३६ आणि फुटबॉलमध्ये केरीचे ३९, असा जुना पसारा कायम आहे.

क्लबांपुढचा आजचा प्रश्न लोकसंख्येचा आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांत मुलं कमी झाल्याने शेजारचे क्लब वयोगटातले संघ एकत्र उतरवतात, तर डब्लिनच्या उपनगरांतल्या क्लबांचे सभासद हजारोंत मोजावे लागतात. जानेवारी २०२३ च्या फुटबॉल अंतिम सामन्यात डब्लिनचा असाच मोठा क्लब, किलमकड क्रोक्स, डेरी काउंटीतल्या माघेरा गावच्या ग्लेन क्लबाशी भिडला. शेवटच्या क्षणी किलमकडचे पंधरापेक्षा जास्त खेळाडू मैदानात होते. ग्लेनने तक्रार केली, सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश निघाला, मग तक्रार मागे घेतली गेली आणि किताब किलमकडकडेच राहिला. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत ग्लेन पुन्हा अंतिम फेरीत आला आणि या वेळी जिंकला.